वाचून खाणारी शेळी

शेळ्यांना वाचता येत होतं, त्या जुन्या काळची ही गोष्ट. यायचं सगळ्यांनाच, वाचायची मात्र एकटी भुरी. बाजाराच्या भिंतीवर चिकटवलेला कागद खाण्याआधी ती तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढी. तोवर बाकीच्या शेळ्या तिच्या वाटचाही फस्त करीत.

"वाचून अंगाला काय लागलं गं, भुरे?" थोरली शेळी विचारी. "बरगड्या तेवढ्या मोजता येतात!"

पुढे भुकेने भुरीचे पाय लटपटू लागले. "उद्यापासून आधी खाईन," एका संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर कबूल केलं. कळपाला फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी खाटीक आला. त्याने एकेकीची पाठ चाचपली आणि सगळ्या विकत घेतल्या. भुरीपाशी येऊन मालकाला म्हणाला, "हिच्यात काय आहे? राहू दे तुझ्याकडेच."

भुरी एकटीच भिंतीपाशी गेली. कागद आख्खा होता, पोटात आग पडली होती, आणि आधी खायचं तिने कबूलही केलं होतं. पण ज्यांच्याकडे कबूल केलं, त्यांतलं आता कुणी उरलं नव्हतं. ती पहिल्या ओळीपासून सावकाश वाचू लागली.