परत केलेले पत्र

चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉलंडमधील एका विद्यापीठात हिलब्रांट नावाचे एक वृद्ध धर्मपंडित अध्यापन करीत असत. तीस वर्षे त्यांनी धर्मोपदेशक घडवले. एकदा त्यांच्यावर पाखंडाचा आरोप आला आणि धर्मसभेपुढे उभे राहण्याचा हुकूम सुटला.

आरोपाचे कारण थोडक्यात असे. कोणाचा उद्धार व्हायचा आणि कोणाचा नाही, हे ईश्वराने जन्माआधीच ठरवून ठेवले आहे, असे त्या काळचे कठोर मत होते. हिलब्रांट ते मत नाकारीत नसत. पण मूल दगावलेल्या आईबापांना ते सांगत, "तुमच्या लेकराचं काय झालं हे मला ठाऊक नाही. ईश्वर दयाळू आहे, एवढंच मला ठाऊक आहे." हे 'मला ठाऊक नाही' धर्मसभेला खपत नव्हते. आरोप मांडणार होते एगबर्ट, त्याच विद्यापीठातले दुसरे पंडित आणि एकेकाळचे हिलब्रांट यांचे शिष्य.

सभेला तीन दिवस उरले होते. वाउटर नावाचा एक तरुण उपदेशक, हिलब्रांट यांचा आवडता शिष्य, गुरूंच्या बचावासाठी जुनी कागदपत्रे लावत बसला होता. त्याला स्वतःचीही धास्ती होती. गुरू दोषी ठरले तर शिष्यांच्याही नेमणुका जाणार, हे उघड होते. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती.

अशात एका जुन्या बासनातून त्याच्या हाती एक पत्र आले. अठरा वर्षांपूर्वीचे, एगबर्ट यांच्या हातचे. त्यांची सहा दिवसांची मुलगी वारली, त्या आठवड्यात गुरूंना लिहिलेले. त्यात एक वाक्य होते: 'माझी लेक जर त्या निवडलेल्यांत नसेल, तर मला तो स्वर्ग नको आणि तो ईश्वरही नको.'

वाउटर धावतच गुरूंकडे गेला.

"गुरुजी, आपण वाचलो! हे सभेत वाचून दाखवा. आपण जे बोललात त्याच्या दसपट हे आहे. एगबर्टना तोंड उघडायला जागा उरणार नाही."

हिलब्रांट यांनी पत्र वाचले. पुन्हा वाचले. मग त्यांनी कागदाची घडी घातली, लाख वितळवून मोहोर केली आणि ते वाउटरच्या हातात दिले.

"हे आत्ताच एगबर्टकडे नेऊन दे. त्याच्याच हातात. नक्कल करू नकोस."

"गुरुजी!"

"जा म्हणतो ना. माझं मन बदलण्याआधी जा."

वाउटर निघाला. कालव्यावरच्या पुलावर त्याचे पाय अडले. डावीकडे एगबर्ट यांचे घर होते, उजवीकडे गुरूंच्या बाजूने असलेल्या, नगरसभेच्या एका वजनदार सभासदाचे. पत्र उजवीकडे पोचवले तर गुरूही वाचतील आणि आपले घरही वाचेल. गुरूंना वाईट वाटेल, पण ते या गावात तरी राहतील. खालून दोन नावा गेल्या, तरी तो कठड्याला धरून उभाच होता. शेवटी तो डावीकडे वळला. का वळला, हे त्याला स्वतःलाही कळले नाही. गुरूंनी सांगितले होते, एवढेच.

एगबर्ट यांनी दारातच मोहोर फोडली. वाचता वाचता ते चौकटीला टेकले.

"याची नक्कल?"

"केलेली नाही."

"तू वाचलंस?"

"वाचलं."

त्यांनी पत्राची घडी घातली. "जा तू," म्हणाले आणि दार लावून घेतले.

आता एगबर्ट आरोप मागे घेतील, अशी वाउटरला आशा होती. तसे झाले नाही. सभेत त्यांनी सगळे आरोप वाचले, एकही न गाळता. आवाज मात्र इतका खाली गेला होता की मागच्या बाकांवरून दोनदा 'मोठ्याने वाचा' अशी ओरड झाली. हात वर झाले. हिलब्रांट यांचे अध्यापन काढून घेण्यात आले आणि आठ दिवसांत शहर सोडण्याची आज्ञा झाली. शिष्यांचा निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला.

गुरूंच्या घरी येताच वाउटरचा बांध फुटला.

"काय मिळालं गुरुजी? त्यांनी दया दाखवली नाही. आपण देशोधडीला लागलात. उद्या माझंही तेच होईल. एक कागद वाचायचा होता फक्त!"

हिलब्रांट खुर्चीत बसले. फार थकलेले दिसत होते.

"मला भीती वाटत नव्हती असं समजू नकोस. तो कागद तीन दिवस या घरात राहिला असता, तर मी तो सभेत नेला असता. माझा मलाच भरवसा नव्हता, म्हणून तुला घाईनं पाठवलं. वाउटर, ते पत्र म्हणजे एगबर्टचं मत नव्हतं. ते एका बापाचं रडणं होतं. माझ्यापाशी रडला, कारण दुसरीकडे कुठे रडता येत नव्हतं. ते मी चव्हाट्यावर वाचलं असतं, तर मी वाद जिंकलो असतो. पण त्यानंतर या देशातला कुठला माणूस आपली शंका उपदेशकापाशी बोलला असता? सगळे तोंड मिटून बसले असते, आणि आपण त्यालाच श्रद्धा म्हणत राहिलो असतो."

वाउटरने ऐकून घेतले. पटले मात्र नाही. बायकोला काय सांगायचे, हाच विचार त्याच्या डोक्यात घोळत होता.

आठव्या दिवशी सामान नावेवर चढत होते. दारात एक तरुण उपदेशक येऊन उभा राहिला. वाउटरने त्याला ओळखले. सभेत हिलब्रांट यांच्याविरुद्ध याचाही हात वर गेला होता.

"काय हवंय?" वाउटरने रागाने विचारले.

"गुरुजींशी थोडं बोलायचं होतं. माझ्या मनात एक गोष्ट आहे. वर्षभर छळतेय. कुणाला सांगायचं धाडस होत नाही."

"मग एगबर्टांकडे जा."

"त्यांच्याकडेच गेलो होतो," तो तरुण मान खाली घालून म्हणाला. "त्यांनीच इकडे पाठवलं. म्हणाले, 'आज गुरुजी निघायच्या आत गाठ. त्या माणसापाशी बोललेलं बाहेर जात नाही, हे मला ठाऊक आहे.'"

वाउटर काही क्षण त्याच्याकडे पाहत राहिला. मग दारातून बाजूला झाला.

आत हिलब्रांट यांनी एका पेटीवरची पुस्तके उतरवून पाहुण्याला बसायला जागा करून दिली. वाउटरने बाहेरून दार ओढून घेतले. घाटावर नावाडी दोर सोडण्याच्या तयारीत होता. वाउटर पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेला.

"जरा थांबा," तो म्हणाला. "त्यांना घाई करू नका."