ओंकारअप्पांची हुडहुडी

"बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन आणि घरात माझे दात वाजतात! भर मे महिन्यात हुडहुडी! ह्याला फिटिंग म्हणतात, भिकन?"

ओंकारअप्पा गरजले आणि लगेच तीनदा शिंकले. भिकन मान खाली घालून उभा होता. कुंपणापलीकडे त्याची बायको कोकिळा पापड वाळत घालत होती. तिचे हात पापडांवर होते, पण कान अप्पांच्या ओसरीवर!

अप्पा म्हणजे सावखेड्यातले केळीचे सर्वांत मोठे बागायतदार. व्याह्यांनी दीड टनाचा एसी बसवल्याचं कानावर आलं आणि अप्पांची झोप उडाली. "दीड? मग आपल्याला पाच टनाचा!" मंगल कार्यालयात शोभावं असं धूड त्यांनी आपल्या बसायच्या खोलीसाठी मागवलं. शेजारचा भिकन फ्रीज-एसीची कामं करायचा. तो परोपरीनं सांगत होता, "अप्पा, एवढ्याशा खोलीला हे झेपायचं नाही. तांब्यात विहीर ओतल्यासारखं होईल!"

"तू पाने-पकड चालव, अक्कल नको!"

मग काय! धूड दारातून जाईना, म्हणून चौकट उखडली. भिंतीवर चढेना, म्हणून चार गडी आणि बैलगाडीचा दोर लावला. पहिल्यांदा बटण दाबलं आणि अख्ख्या गल्लीचे दिवे गेले! वेगळी लाइन ओढून भिकननं ते एकदाचं चालू केलं, तर घटकाभरात खोलीचा हिमालय झाला. अप्पांचा नातू आत पाऊल टाकायला तयार होईना. अप्पांच्या बायकोनं तर आपलं अंथरूण थेट धान्याच्या खोलीत नेलं. उरले एकटे अप्पा!

"अप्पा, आकडा सोळावरून सव्वीसवर नेऊ या," भिकन म्हणाला.

"व्याह्याचा अठरावर चालतो. माझा सोळाच्या वर गेला तर गावात तोंड कसं दाखवू?"

"मग थोडा वेळ बंद..."

"बंद करायचं नाही! बदलायचं नाही! मी अंगावर शाल घेणार नाही, खोलीत शेगडी चालणार नाही, आणि मला थंडी वाजता कामा नये! उद्या संध्याकाळपर्यंत जमव. तोवर तुझी हत्यारांची पेटी माझ्याकडे!"

भिकनचा चेहराच उतरला. ऐन उन्हाळ्यात दहा घरचे निरोप येऊन पडलेले आणि पेटी अप्पांच्या कपाटात! घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. "कोकिळे, हा माणूस मला पाण्यात पोहायला सांगतो आणि वर म्हणतो, भिजू नकोस."

कोकिळेनं पदर खोचला. "भाकरी खाऊन घ्या. अप्पांशी मी बोलते."

अप्पा ओसरीवर ऊन खात बसले होते. हो, भर दुपारी ऊन खात!

"अप्पा, तुमचं काम मी करते. पण खोलीत काय आणायची परवानगी?"

"शेगडी नको, शेकोटी नको, शाल-घोंगडी नको. बाकी दारातून आत येईल ते आण."

"काहीही?"

"काहीही! चौकट आता मोठी झालीय, हत्तीसुद्धा आण!" अप्पा स्वतःच्या विनोदावर हसले आणि शिंकले.

"शब्द?"

"ओंकारअप्पाचा शब्द!"

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली आणि अप्पांच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. सिंधूकाकू पापडाचं पीठ आणि पोळपाट घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग पाच जणी लाटणी घेऊन. झिपरूबुवा पत्त्यांचा कॅट घेऊन टेकले. तुकाराम टेलर शिलाई मशीन उचलूनच घेऊन आला! भजनी मंडळानं कोपरा धरला. ज्याच्या त्याच्या घरी पत्रा तापलेला, त्यामुळे कोकिळेला कुणाला दुसऱ्यांदा बोलवावं लागलंच नाही. दार उघडायचं, उन्हाची झळ आणि चार माणसं आत यायची, पुन्हा दार उघडायचं. मुंगीला शिरायला जागा उरली नाही!

 अप्पा ओरडले, "कोकिळे! ही जत्रा कुणी भरवली?"

"तुम्हीच, अप्पा! दारातून आत येईल ते आण म्हणालात. सगळे दारातूनच आलेत. खिडकीतून एकही नाही, विचारा!"

"अगं, पण माझी खोली..."

"आकडा बघा की. किती आहे?"

"सोळा."

"मशीन बंद आहे?"

"नाही."

"शाल? शेगडी?"

"नाही गं."

"आणि कपाळावर ते काय आलंय?"

अप्पांनी हात लावून पाहिला. घाम! दात वाजायचे थांबले होते, आणि मघापासून एकदाही शिंक आली नव्हती. तेवढ्यात सिंधूकाकूंनी पिठाची लाटी त्यांच्या हातावर ठेवली. "अप्पा, घ्या. तेल लावून घ्या, छान लागते." अप्पांनी ती मुकाट्यानं तोंडात टाकली. झिपरूबुवांनी पानं वाटताना त्यांचीही वाटली. अप्पांनी पानं उचलली, लावली, आणि पहिलाच डाव मारला!

पानांवरून नजर न काढता त्यांनी हळूच विचारलं, "कोकिळे, खरं सांग. मशीन घेताना माझं माप चुकलं, नाही का?"

 दाराशी उभ्या असलेल्या भिकननं डोळे मिटून घेतले.

"छे हो, अप्पा! मशीन अगदी मापात आहे. तुम्ही एकटेच बसला होतात, तेवढंच काय ते चुकलं!"

 अप्पा पोट धरून असे हसले, असे हसले, की हातातली पानं उधळली आणि झिपरूबुवांनी त्यांचा एक्का बघून घेतला!

"भिकन! तुझी पेटी घे. आणि उद्यापासून माझ्या केळी पिकवायच्या सगळ्या थंड खोल्या तुझ्याकडे, वर्षभराचं काम!" अप्पांनी डोळे पुसले. "पण एक अट! कुठलंही मशीन घ्यायचं झालं, तर आधी कोकिळेला विचारायचं. तूही, आणि मीही!"