घोड्यांचा वास

बोलाद जातीचा मंगोल, पण चिनी दरबारात दुभाष्या झाल्यापासून रेशमी झगा घालून, अत्तर लावून मिरवायचा. एकदा त्याचे चुलूनकाका तिथे घोडे विकायला आले. अंमलदार लूसाहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"तुम्हा लोकांच्या अंगाला घोड्यांचा वास मारतो."

दरबार हसला. लाजेकाजेस्तव बोलादही हसला आणि खाली मान घालून त्यानं ते काकांना सांगितलं.

काका शांतपणे म्हणाले, "घोड्यांत राहणाऱ्याला तो वास जाणवत नाही, साहेब. तुम्हाला येतोय, तोवर आमचे घोडे वेशीबाहेर आहेत. यायचा थांबला, की ते आत आले असं समजा."

बोलादनं ते चिनीत सांगितलं, तसा रुमाल खाली आला.

निघताना काकांनी मंगोल रीतीप्रमाणे पुतण्याचं डोकं मायेनं हुंगलं.

"अत्तर चांगलं आहे, पोरा," एवढंच ते म्हणाले.

बोलादला मान वर करवेना.