कपाटापुरते ग्रंथपाल

कॉलेजच्या ग्रंथपाल हेमलता बोरकुटे यांची पदोन्नती दरवर्षी कशावरून तरी अडायची. यंदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. वझलवार, अर्थशास्त्रातलं मोठं नाव, आणि हे सगळ्यांना माहीत असावं असा त्यांचा आग्रह.

"मॅडम, तुम्ही ना वर्गात शिकवता, ना पेपर तपासता. मग बढती द्यायची कशाची?" त्यांनी सुरुवातच केली. "आज सकाळी मी ग्रंथालयात मी स्वतः लिहिलेलं पुस्तक कुणालाही न विचारता काढलं, प्राचार्यांना दाखवलं आणि परत कपाटात ठेवलंसुद्धा. तुमची गरजच पडली नाही!"

समिती हसली. हेमलताबाईंनी सकाळचा प्रकार पाहिला होता. 'वाचून झालेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत' या पाटीकडे न बघता सरांनी गप्पांच्या नादात दिसेल त्या फटीत पुस्तक खुपसलं होतं.

"खरंय सर. मग तेच पुस्तक आता परत घेऊन येता? मी त्याला हातही लावलेला नाही."

सर ताडकन उठले, पाठोपाठ समितीही. अर्थशास्त्राची कपाटं पालथी घातली, मग इतिहासाची. चहा गार झाला तेव्हा सगळे हात हलवत परत आले.

"चोरीला गेलं!" सर घाम पुसत म्हणाले.

"छे! तुम्ही ठेवलंत तिथंच आहे. सकाळी त्या कपाटापुरते ग्रंथपाल तुम्ही होतात."

सर वरमले. "बरं, द्या शोधून."

हेमलताबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. "देते की. पण हे काम कुणाचं, ते आधी माझ्या अर्जावर लिहा."