घुंगरवाडीचा उणा चांद

घुंगरवाडीच्या देवळामागे तळ्याशी उभे राहिले, की साऱ्या सोनारपेठेची टकटक ऐकू येते. इथे पैंजण घडतात. पाहुणे एखादा जोड हातात घेतात, कडीजवळचा बारीक ठसा न्याहाळतात आणि हमखास विचारतात, की हा चांद एका कडेने खरवडलेला का? दुसरा प्रश्न त्याहून ठरलेला. देवीची जत्रा सगळीकडे चैत्री पुनवेला. तुमची आदल्या दिवशी, चतुर्दशीला कशी? गावात पंचांग नाही काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते ऐकवल्याशिवाय इथले म्हातारे पाहुण्याला चहा पाजत नाहीत.

फार पूर्वी या पेठेत नागोशेट नावाचा सोनार होता, असे सांगतात. देवीचे पैंजण दर जत्रेला नवे घडवायचे, हा मान त्याच्या घराण्याचा. घराण्याचा ठसा पुऱ्या चांदाचा. परगण्याचा नियम असा, की पुरा चांद फक्त चोख चांदीवर उठवायचा. खोटा उठवला तर ठसा ऐरणीवर मोडायचा आणि भट्टीत पाणी ओतायचे; ती पुन्हा पेटवायची नाही. नागोशेटला या नियमाचे भय नव्हते. चांदीची प्रत्येक पट्टी तो कसोटीच्या दगडावर घासायचा आणि दुधासारखी पांढरी रेघ उमटल्याशिवाय हातोडी उचलायचा नाही. त्याचा त्याला थोडा ताठाही होता. “चांदी चोख आहे ना?” असे गिऱ्हाइकाने विचारले, की तो दाराबाहेरच्या त्याच्याच वहाणांकडे बोट दाखवी; घाला आणि निघा.

एका वर्षी परगण्यावर नवा पोतदार आला. नाणी-दागिने पारखणे हे त्याचे काम. कसोटीच्या दगडावर त्याचा भरवसा नव्हता. “दगड वरवरचे सांगतो, मूस पोटातले सांगते,” असे तो म्हणे. जत्रा तीन दिवसांवर असताना त्याने देवीचे जुने पैंजणच मुशीत घालायला मागितले. देवीला कोण फसवणार, म्हणून गाव मजेने बघायला लोटले. सोळा तोळ्यांचा जोड वितळला, शिसे घालून शुद्ध झाला आणि तराजूत भरला पंधरा तोळे.

पुनवेला भर जत्रेत ठसा मोडायचे ठरले.

“चांदी विकनाऱ्यावर ढकला की,” शेजारपाजारचे सोनार म्हणाले. पण चांदी नागोशेटने स्वतः घासून घेतली होती. दोष दुसऱ्याच्या माथी मारायला त्याची जीभ रेटेना. तो घरी येऊन थंड भट्टीपुढे बसला. आपण चोर नाही हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि तरी तोळाभर चांदी कुठे गेली हे सांगता येत नव्हते. त्याच्या बायकोने, भिवरेने, ते सांगितले. डाक देऊन, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधा भरून, घुंगरू जोडायचे काम तिचे.

“अवो, पट्टी तुमी घासली. घुंगरं कुनी जोडली? म्या. दोनशे घुंगरं, अन् परत्येकाच्या बुडाला तांब्या-जस्ताचा डाक. त्यो काय वाऱ्यावर गेला व्हय?”

नागोशेटने कपाळावर हात मारून घेतला. तीन पिढ्यांत डाक कुणी मोजलाच नव्हता! मग डाकाशिवाय एक जोड करून बघितला. भिवरा तो घेऊन देवळाकडे निघाली आणि पायरी येईपर्यंत निम्मी घुंगरे रस्त्यात सांडली. कोंबड्या दाणे समजून त्यांच्यामागे धावल्या, म्हणे. भिवरा हसून हसून पायरीवरच बसली, आणि तिला बघून नागोशेटलाही हसू आले.

त्याने आजोबांचा ठसा हातात घेतला. कानस टेकवताना त्याचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. चांदाची एक कड त्याने सोळाव्या हिश्शाइतकी घासून टाकली. नेहमीसारखा डाक देऊन दोघांनी नवा जोड घडवला, त्यावर तो उणा चांद उठवला आणि चतुर्दशीलाच देवळात जाऊन पोतदारापुढे ठेवला.

“चुकलो, सरकार. पंधरा तोळं चांदी, एक तोळा डाक. चांद बी तेवढाच कोरलाय. उद्याची पुनव पुऱ्या चांदाची. आमचा चांद आजचा, म्हनून आजच आलो.”

पोतदाराने चांदाच्या खरवडलेल्या कडेवरून नख फिरवले. “डाक घालायला मी कधी हरकत घेतली, नागोशेट? तो लपवू नये, एवढेच माझे म्हणणे. हा ठसा खरा आहे. भट्टी पेटती राहू द्या.”

आणि तेव्हा, असे सांगतात, देवीच्या पायी ठेवलेला जोड कुणी हात न लावता वाजला. वारा होता, असेही काही लोक म्हणतात. त्यांना गावात फारसे कुणी जेवायला बोलावत नाही. पेठेतले सोनार मात्र, डाक आपणही कधी मोजला नाही हे आठवून, घरी पळाले आणि आपापले ठसे नि कानशी घेऊन परतले. त्याच दिवशी पालखी निघाली. गाव इतके नाचले, की पुनव उजाडली तेव्हा जत्रेला उभा राहील असा माणूस शिल्लक नव्हता.

आजही घुंगरवाडीची जत्रा चतुर्दशीला भरते. नवा ठसा त्या दिवशी देवळात घासतात, आणि कानशीचा पहिला हात असतो घरातल्या डाक देणाऱ्या बाईचा. चांदी चोख आहे का, असे विचारले तर आता कुणी वहाणा दाखवत नाही. सोनार उणा चांद दाखवतो, सोळा तोळ्यांत एक तोळा डाक आहे म्हणून सांगतो. मग पैंजण तुमच्या कानाशी नेऊन हलवतो आणि म्हणतो, “ऐका, त्यो तोळा वाजतोय.”