नुसतं नाव

एकदा एका वृद्ध वैद्याकडे एक तरुण सून आली. तिचा नवरा मालट्रक चालवायचा. आठ महिने बाहेर राहून तो आता घरी येणार होता, आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून तिचे दिवस जात होते.

पण त्याच वर्षी गावातले दोन ड्रायव्हर एड्सने गेले होते. त्यांच्या बायका कधी गावाची वेस ओलांडून गेल्या नव्हत्या, तरी त्यांच्याही रक्तात तोच रोग निघाला. नवऱ्याला याबद्दल विचारू का, असं सासूला विचारलं तर ती म्हणाली, आल्या नवऱ्याला असलं विचारतात का, नातवाचं बघ. म्हणून सून वैद्याकडे आली होती. काही न बोलता आपलं रक्षण होईल अशी एखादी मुळी तिला हवी होती.

"अशी मुळी नाही, पोरी," वैद्य म्हणाले. "नवऱ्याचं नाव काय?"

ती लाजली. मग पदर सावरून म्हणाली,
"दारी लावली शेवंती, पाणी घालते वाकून,
महिपतरावांची वाट बघते पदर डोईवर राखून."

"उखाणा छान आहे. आता नुसतं नाव घे."

तिच्या तोंडून शब्द फुटेना. जवळ औषध कुटत बसलेल्या शिष्याने संकोचून मान फिरवली. बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, "महिपती."

"आता म्हण, महिपती, आपण दोघं दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घेऊ. तोवर जवळ यायचं तर निरोध हवा."

दोनदा तिचा आवाज मध्येच अडकला. तिसऱ्यांदा तिने वाक्य पुरं केलं, आणि रडू लागली. "बाबा, रागावून परत गेले तर? आठ महिने वाट बघितलीय मी."

"तू विचार. राग माझ्याकडे धाड. मी येईन तुमच्याबरोबर. आणि रोग निघालाच, तर आता गोळ्या आहेत. वेळेवर घेतल्या तर माणूस नीट जगतो."

ती गेल्यावर शिष्य म्हणाला, "बुवा, परक्या बाईला असं नाव घ्यायला लावणं मला काही बरं वाटलं नाही."

 वैद्य सावकाश बोलू लागले.

"मला एक लेक होती. सासरी जाताना मीच तिला सांगितलं, नवऱ्याचं नाव घेऊ नये, त्याला उलट विचारू नये. गुणी होती, तिनं ऐकलं. तिचा नवराही असाच गाडीवर. ती आजारी पडली तेव्हा माहीत होत्या तेवढ्या मुळ्या मी कुटल्या. शेवटी विचारलं, तुला शंका नव्हती का आली? म्हणाली, होती बाबा, पण कोणत्या तोंडानं विचारणार होते? ते तोंड मी बंद केलं होतं. आजही दारात कुणी बाई आली की वाटतं, तीच आली. आता तरी तिला सांगावं, विचार बाई, विचार."

शिष्याच्या हातातला बत्ता थांबला होता.

महिपती आला. तिने विचारलं. तो चिडला, जेवला नाही, दिवसभर ट्रकमध्येच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी वैद्य त्याच्याशेजारी जाऊन बसले. दुपारी तिघे सरकारी दवाखान्याच्या रस्त्याने जाताना लोकांना दिसले. तपासणीत काय निघालं, ते त्या नवराबायकोचं.

पुढे शिष्य सुट्टीला आपल्या घरी गेला. वैद्यांकडे राहून आणि वनस्पतींसाठी डोंगर हिंडून वर्षातले आठ महिने तोही बाहेरच असे. बायको ताट वाढून नेहमीसारखी दाराआड उभी राहिली.

तो म्हणाला, "तुला मला काही विचारायचं आहे का?"

"भाकरी वाढू?"

"ते नव्हे."

त्याने घास खाली ठेवला आणि वाट पाहिली. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. मग आत आली, त्याच्यासमोर बसली, आणि विचारू लागली.