आण्णांची खुर्ची

वेताळपेठ तालमीच्या फुटबॉल संघात शौकत मुजावर सोळा वर्षं बचावफळीत खेळला आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्याच संघाचा कोच झाला. पोरं त्याला वस्ताद म्हणत. पण तालमीचे अध्यक्ष रंगराव इंगवले, म्हणजे आण्णा, दर सामन्याला मैदानाच्या कडेला शौकतशेजारी खुर्ची टाकून बसत आणि ओरडत, "मार पुढं! सगळे पुढं जावा!" पोरं अध्यक्षांचं ऐकत, मागं रान मोकळं सुटे आणि गोल बसे. असे तीन सामने गेले.

"चौथा हरलास तर तू घरी," आण्णांनी बजावलं.

"आण्णा, तिथं कोच आणि बदली खेळाडूच बसतात. नियम आहे."

"नियम मला शिकवतोस? कागदावर काय लिहायचं ते लिही. माझी खुर्ची हलणार नाही."

शौकतनं लिहिलं.

चौथ्या सामन्यात बरोबरी होती. वीस मिनिटं उरली असताना स्ट्रायकर लंगडत बाहेर आला. शौकतनं सोळा नंबरची जर्सी आण्णांच्या मांडीवर ठेवली.

"चढवा, आण्णा. बदली खेळाडूंच्या यादीत तुमचं नाव आहे."

गॅलरीतून आरोळी उठली, "आण्णा! आण्णा!"

आण्णांना घाम फुटला. "अरे, मला फुटबॉल कुठं येतोय?"

"हळू बोला," शौकत कानाशी म्हणाला, "पोरं तीन सामने तुमचंच ऐकून खेळल्यात."

आता ती खुर्ची गॅलरीत असते. कुणी विचारलंच तर आण्णा सांगतात, "गुडघा दुखत होता, नाहीतर उतरलोच असतो."